श्रीलंकेच्या किनाऱ्यावर जाण्यापूर्वी : घरात कोणाला कोणती लस?

(संस्थेच्या मासिक सभेत, सहलीला निघणाऱ्या कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथमच एक खुलासा करतो. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर असून गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांची खाती सांभाळतो. त्यामुळे आज औषधपाण्यावर बोलायला उभे राहिल्याबद्दल काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु येत्या डिसेंबरात आपली जी कुटुंबे श्रीलंकेला निघाली आहेत, त्यांच्यापैकी निम्म्या लोकांनी आम्हाला गेल्या महिनाभरात रस्त्यात गाठून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही जाऊन आलात, इंजेक्शने कोणती घेतली?" प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगावे असे अध्यक्षांनी सुचविले, म्हणून हा प्रपंच.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण गेलो होतो. आमची आई, वय ७२, आम्ही उभयता, चिरंजीव १७ वर्षांचा, आणि धाकटी कन्या ९ वर्षांची. अनुराधपूर आणि कँडी पाहायचे हे आईचे फार दिवसांचे मनात होते. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, हे तिने माहेरी लहानपणापासून ऐकलेले. मुलांना मात्र समुद्र हवा होता. तेव्हा पहिले पाच दिवस आईचे आणि शेवटचे चार दिवस मुलांचे, गॉलजवळच्या उनावटुना येथील किनाऱ्यावर, असा तह झाला. आपल्या सहलीचा कार्यक्रमही साधारण तसाच आहे, म्हणून हे सांगतो.

पैसे भरले आणि चारच दिवसांनी ज्या एजंटकडे नोंदणी केली होती, त्याच्याकडून एक कागद आला. त्यावर पाच लसींची नावे होती आणि खाली लिहिले होते की, उष्ण कटिबंधातील समुद्रकिनारी जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने या पाचही घ्याव्यात. यादीत सर्वांत वर होती पिवळ्या तापाची, म्हणजे 'यलो फीव्हर'ची लस. पाच माणसे, पाच लसी, म्हणजे पंचवीस टोचण्या! हिशेब केला तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "एवढ्यात तर आणखी एक माणूस श्रीलंकेला जाऊन येईल." आणि आईने एका वाक्यात विषय संपविला, "मी आजवर काही टोचलं नाही, बहात्तर वर्षं जगले. आता समुद्र बघायला टोचून घेऊ?"

आईचे म्हणणे खरे नव्हते. तिच्या डाव्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल व्रण आजही आहेत. ते आम्ही तिला दाखविले. ती म्हणाली, "ते सरकारने काढले, मी नाही." असो.

एजंटचा कागद आम्ही टेबलावर ठेवला आणि बँकेत जशी एखादी शंकास्पद नोंद तपासतो, तशी एकेक ओळ तपासायला घेतली. पहिलीच ओळ चुकीची निघाली. पिवळा ताप हा आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या काही देशांतला रोग आहे. तो ना भारतात आहे, ना श्रीलंकेत. श्रीलंका सरकार त्या लसीचा दाखला मागते, पण कोणाकडे? जो माणूस पिवळ्या तापाच्या देशातून येत असेल त्याच्याकडे. आमच्या बहिणीचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याच्याकडे ते पिवळे कार्ड आहे, कारण त्याचे जहाज केनियाच्या मोंबासा बंदरात लागते. त्याला तिथून परतताना आपले सरकारच ते मागते, आणि दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकते. याचे कारण असे की, तो रोग पसरविणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. एकदा विषाणू आत आला तर आवरणे कठीण. हा नियम कडक आहे आणि तो असलाच पाहिजे. ही लस ठरलेल्या सरकारी केंद्रांवरच मिळते. आमच्या भाच्याने ती मुंबईच्या पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे घेतली. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो.

पण मुंबई ते कोलंबो सरळ जाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग नाही एवढेच असते तर पैसे गेले म्हणून सोडून दिले असते. परंतु आमच्या डॉक्टरांनी सांगितले की, ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठी उलटलेल्या माणसाला ती आयुष्यात प्रथमच देताना गंभीर त्रासाचा धोका, अगदी क्वचित का होईना, तरुणांपेक्षा अधिक असतो. म्हणजे त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर जो रोग तिथे नाहीच, त्यासाठी आम्ही आईला धोक्यात घातले असते. तेव्हा, ज्यांच्या हाती असा कागद आला असेल, त्यांनी तो फाडू नये. डॉक्टरांकडे घेऊन जावा आणि ओळीमागून ओळ विचारावी.

आता यापुढची गोष्ट आमच्या चिरंजीवांची. तो मोबाइलवर काहीतरी शोधत बसला होता. इंग्लंड-अमेरिकेतील सरकारे आपल्या नागरिकांना कोणत्या देशात जाताना कोणती लस घ्या, हे सांगतात. त्याने श्रीलंकेची यादी काढली. त्यात कावीळ 'ए', विषमज्वर, काहींना रेबीज, काहींना जपानी मेंदूज्वर, अशी नावे होती. मग म्हणाला, "पप्पा, आता इंडियाची यादी बघा." भारतात येणाऱ्या पाहुण्यांसाठी हीच नावे होती, आणि वर हिवतापाच्या गोळ्या जास्तीच्या! श्रीलंकेच्या यादीत हिवताप नव्हता.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. लंडनहून अलिबागला येणारा पाहुणा ज्या रोगांच्या भीतीने सहा आठवडे आधी दवाखान्यात जातो, त्या रोगांच्या गावात आपण राहतो. त्याच्या दृष्टीने उष्ण कटिबंधातला समुद्रकिनारा म्हणजे आपलेच रायगड. मग आपल्याला श्रीलंकेसाठी वेगळी लस कशाला? हा प्रश्न त्या रात्री आम्हाला पडला, आणि सरळ उत्तर असे वाटले की, काहीच नको. आपण या पाण्यावर, या मातीवर वाढलो. आपल्याला काय होणार!

हे उत्तर आमच्यापुरते बरेचसे बरोबर होते, परंतु मुलांच्या बाबतीत साफ चूक होते. ते कसे, हे कळण्यासाठी एक जुने प्रकरण सांगावे लागेल. ते सांगताना थोडी लाज वाटते. पण इथे सगळे घरचेच आहेत.

त्याच्या तीन वर्षे आधी आमच्या मेहुण्यांचा मुलगा, वय २२, मित्रांबरोबर मे महिन्यात कोकणात किनाऱ्यावर गेला होता. पोहणे, बर्फाचा गोळा, उघड्यावरचे सरबत, अर्धवट उकडलेल्या शिंपल्या, सगळे झाले. परत आला तेव्हा ठणठणीत. जून निम्मा गेला आणि त्याला ताप आला, अन्नावरची वासना उडाली, मग डोळे पिवळे झाले. सहलीला महिना होऊन गेला होता, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणाच्या डोक्यात आला नाही. कावीळ 'ए'चा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

घरात एकच गडबड उडाली, आणि कोणीतरी म्हणाले की अमुक गावात माळ मिळते. काविळीची माळ आपणा सर्वांना माहीत आहे. झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठीने बांधलेले असतात. ती डोक्यावर ठेवायची. ती दिवसेंदिवस लांब होत गळ्यात, मग छातीपर्यंत, मग खाली उतरते, आणि त्याबरोबर कावीळ उतरते असे म्हणतात. वास्तविक ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो, याहून त्यात काही नाही. हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते. अंधश्रद्धेवर याच सभागृहात आम्ही पूर्वी बोललोही आहोत. आणि तरीही ती माळ आणायला स्कूटर काढून गेलो ते आम्हीच! वहिनी रडत होत्या, मेहुणे गावी होते, "आणून तर बघू, नुकसान काय?" असे म्हटले. नुकसान हे की, माळ खाली उतरताना पाहत आम्ही आठ दिवस घालविले. नवव्या दिवशी पोरगा असंबद्ध बोलू लागला. इस्पितळात रक्त गोठण्याची तपासणी बिघडलेली निघाली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी मेहुण्यांना बाजूला घेऊन सांगितले की, यकृत सावरले नाही तर दुसऱ्याचे यकृत बसवावे लागेल, तयारीत राहा. तीन दिवस ते घर आम्ही पाहिले आहे. त्यावर अधिक बोलवत नाही.

सावरला पोरगा. पण इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष गेले. आजही तो आमच्याशी चांगला बोलतो, हा त्याचा मोठेपणा.

आमच्या डॉक्टरांना आम्ही हे विचारले होते की, डॉक्टर, आमच्या लहानपणी विहिरीचे पाणी, नदीचे पाणी, गाळायचे फडके घरात असेल तर असेल. आम्हाला का झाली नाही? ते हसून म्हणाले, "झाली असणार. तुम्हाला कळली नाही." कावीळ 'ए' सहा वर्षांखालच्या मुलाला झाली तर दहांपैकी साताला काही लक्षणच दिसत नाही. दोन दिवस पोर किरकिरते, आई म्हणते दात येत असतील, आणि रोग येऊन जातो. पुढे जन्मभर संरक्षण राहते. हाच विषाणू मोठ्या माणसाला प्रथम भेटला तर दहांपैकी साताहून अधिकांचे डोळे पिवळे होतात, आणि थोड्यांचे यकृत धोक्यात येते. आपली पिढी गावाच्या पाण्यावर, चाळीच्या नळावर वाढली. आपली मुले खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत फिल्टरचे पाणी पिऊन वाढली. ते चांगलेच झाले. त्यासाठीच तर आपण कर्ज काढून घरे घेतली. (कर्जाची प्रकरणे आमच्याच टेबलावरून गेली आहेत, म्हणून हक्काने सांगतो.) पण त्याचा अर्थ असा की, पाण्याच्या बाबतीत आपली मुले त्या लंडनच्या पाहुण्यासारखी आहेत. तो अलिबागला येताना लस घेऊन येतो. आपली मुले अलिबागलाही तशीच जातात, आणि श्रीलंकेलाही.

मग आमच्या घरचा निर्णय असा झाला. आईची तपासणी करण्याचे कारणच नव्हते. आम्ही उभयतांनी रक्त तपासून घेतले. कावीळ 'ए' पूर्वी होऊन गेल्याची खूण दोघांत सापडली. आम्ही देशावरच्या खेड्यात वाढलो, मंडळी परळच्या चाळीत. मुलांना दोघांनाही लस दिली. ही सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात मिळत नाही, खाजगीत विकत घ्यावी लागते. तिचे दोन प्रकार आहेत. एक मृत विषाणूची, तिचे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने. दुसरी जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची, तिचा बहुधा एकच डोस देतात. आमच्या डॉक्टरांनी पहिली दिली. मेहुण्यांच्या घरात धाकट्या मुलीलाही दिली, हे सांगायला नकोच.

विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, थोडे निराळे आहे. तो एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असे नसते, त्यामुळे "आम्ही लहानपणी भोगला" हा दाखला इथे चालत नाही. याची नवी लस, जिला कॉन्जुगेट लस म्हणतात, ती हैदराबादच्या कंपनीने बनविलेली असून जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आहे. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, ही लस सार्वजनिक मोहिमेतून मुलांना देण्याचा जगातला पहिला प्रयोग खाडीपलीकडे आपल्या शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली केला. नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना त्या वेळी ती टोचली. म्हणून ज्यांची मुले तेव्हा वाशी, नेरूळ, बेलापूरला राहत होती, त्यांनी घरातली जुनी कार्डे आधी शोधावीत. कदाचित लस झालेलीही असेल. पनवेल, खारघर, कळंबोली ही त्या महापालिकेत नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांना ती मिळालेली नाही. आमच्या कन्येला तिच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षाची असतानाच दिली होती. कार्डावर नोंद सापडली आणि एक इंजेक्शन वाचले. बाकी आम्ही तिघांनी घेतली. आईचे वय त्या लसीच्या वयोमर्यादेपलीकडचे; तिला उकळलेले पाणी आणि गरम जेवण हाच उपाय सांगितला.

धनुर्वाताबद्दल दोन वाक्ये. किनाऱ्यावर अनवाणी चालताना शिंपला, काच, गंजलेला गळ पायात जातो. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा एकत्र डोस सरकारी केंद्रात मिळतो, पण आपण मोठी माणसे शेवटचा कधी घेतला हे कोणालाच आठवत नाही. आमच्या मंडळींनी धाकटीच्या वेळी घेतला होता, आम्ही तर बहुधा शाळेत. दोघांनी घेतला. सर्वांत स्वस्त तोच होता.

आता कुत्र्याचे. इथे घरात वाद झाला आणि तो तीन दिवस चालला. आमच्या कन्येला कुत्र्याचे अतोनात वेड. इमारतीखालची पिल्ले तिच्याच बिस्किटांवर पोसतात. जगात रेबीजने जितके मृत्यू होतात, त्यांतले सुमारे एक तृतीयांश भारतात होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत लहान मुले फार. मूल ओरखडा घरी सांगत नाही. रागावतील म्हणून लपवते. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरही कुत्री आहेतच. डॉक्टरांचे मत असे की, आठ-दहा दिवसांसाठी, जवळ मोठे इस्पितळ असताना, आधीच लस घेतलीच पाहिजे असे नाही. पण या मुलीचा स्वभाव तुम्हीच जाणता. मंडळींचे म्हणणे पडले की, उगाच पोरीला टोचू नका, तिला कुत्र्यापासून दूर ठेवू. आईने नातीकडे पाहिले आणि म्हणाली, "तू तिला दूर ठेवणार? इथं ठेवलीस का कधी?" त्यावर प्रश्न मिटला. सात दिवसांच्या अंतराने दोन डोस दिले. ते श्रीलंकेसाठी दिले असे आम्ही म्हणणार नाही. ते आमच्या इमारतीच्या जिन्यासाठी दिले.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आधी लस घेतलेली असली तरी कुत्रा, मांजर किंवा माकड चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. पुन्हा डोस घ्यावेच लागतात, फक्त कमी, आणि जखमेत सोडायचे महागडे सीरम लागत नाही. ज्याने आधी घेतलेली नाही त्याला पूर्ण कोर्स, आणि खोल जखमेला ते सीरमही. "परत पनवेलला गेल्यावर बघू" असे म्हणायचे नाही. कँडीच्या देवळांजवळ माकडे आहेत. त्यांना केळे हातातून द्यायचे नाही, हे आताच मुलांना सांगून ठेवा.

जपानी मेंदूज्वर हा भातखाचरे आणि डुकरे असलेल्या ग्रामीण भागात दीर्घकाळ राहणाऱ्यांचा प्रश्न आहे. चार दिवस किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती लस लागत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. पटकीचीही नको. आईला मात्र त्यांनी इन्फ्लुएन्झाची लस आग्रहाने दिली. विमानतळावरची गर्दी, बंद गाडी, तिचा रक्तदाब, हे पाहता तिला खरा धोका खोकल्या-तापाचाच होता. एजंटच्या कागदावर तिचे नाव नव्हते.

आणि आता ज्यांना लसच नाही, त्यांच्याविषयी. हिवतापाबाबत श्रीलंकेने मोठे काम केले आहे. २०१२ नंतर तिथे स्थानिक हिवतापाचा रुग्ण झाला नाही, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त जाहीर केला. आता त्यांना भीती वाटते ती बाहेरून येणाऱ्यांची, म्हणजे आपलीच. शहरातल्या पाण्याच्या टाक्यांत वाढणारा आपला मुंबईचा डास त्यांच्या मन्नार भागात २०१७ च्या सुमारास सापडला, तेव्हा तिथले आरोग्य खाते हादरले. म्हणून जाण्यापूर्वीच्या पंधरवड्यात कोणाला थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासल्याशिवाय विमानात बसू नये. ते आपल्या प्रकृतीसाठी, आणि यजमानांच्या घरासाठीही.

डेंग्यू मात्र तिथे भरपूर आहे. २०१७ या एका वर्षात त्या छोट्या देशात एक लाख शहाऐंशी हजारांवर रुग्ण नोंदले गेले. आम्ही गेलो तेव्हा आपल्याकडे दुकानात जाऊन घेता येईल अशी डेंग्यूची लस नव्हती. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी, म्हणजे नेमक्या किनाऱ्यावर बसायच्या वेळी. सगळ्यांनी रात्रीसाठी मच्छरदाण्या नेल्या होत्या. कामाला आले ते पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि अंगाला लावायचे मलम. आणि ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा ब्रूफेन घ्यायचे नाही, फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो. आमच्या आईच्या पर्समध्ये तीन तऱ्हेच्या लाल-पिवळ्या गोळ्या निघाल्या. त्या काढून ठेवताना आम्हाला बरेच ऐकून घ्यावे लागले.

काही जणांनी विचारले आहे की, एवढी टोचाटोची करून मुलांना अपाय तर होणार नाही ना? या शंकेला आम्ही हसत नाही. लस म्हटली की आपल्या मुंबईचेच नाव आधी येते. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा हाफकिन साहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. या दोन तारखा आम्ही एकदा डायरीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पाहत बसलो. तसेच हेही खरे की, १९०२ साली पंजाबात मलकोवाल येथे लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. कुपी दूषित झाली होती. हाफकिनना दोषी धरले गेले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. म्हणून लस कुठे, कोणाकडून, थंड पेटीतून काढलेली आहे की नाही, कुपीवरची तारीख काय, हे विचारणे हा आपला हक्क आहे. कोणी रागावले तर रागावू द्या. लस घेतल्यावर हात दुखतो, एखाद-दुसरा दिवस कणकण येते. चिरंजीवांना टायफॉइडच्या लसीने एक दिवस ताप आला, दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. घरात कोणी गरोदर असेल, कर्करोगाचे किंवा स्टिरॉइडचे औषध चालू असेल, पूर्वी कुठल्या लसीची ॲलर्जी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. तिथे आमची यादी चालणार नाही.

खर्चाचे विचाराल, तर पाच माणसांचे मिळून तेरा हजारांच्या आसपास गेले; एका माणसाच्या विमानभाड्यापेक्षा कमी. एजंटच्या यादीप्रमाणे गेलो असतो तर याच्या कितीतरी पट. आणि वेळेचे म्हणाल, तर आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. बहुतेक लसींना अंगी लागायला दोन आठवडे द्यावे लागतात, दोन डोसांत अंतर असते, आणि मध्ये एखाद्याला सर्दी-ताप आला तर पुढे ढकलावे लागते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात गेलेल्या माणसाची धावपळ फार होते आणि संरक्षण अपुरे राहते.

सहल उत्तम झाली. उनावटुनाला आई पहिल्या दिवशी वाळूत बसूनच राहिली, दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाण्यात गेली, आणि चौथ्या दिवशी तिला परत आणायला दोघे लागले. कन्येने एका लंगड्या कुत्र्याला नाव ठेवले आणि रोज आपल्या ताटातला मासा दिला. चिरंजीवांना एक दिवस पोट बिघडले, मीठ-साखरेच्या पाण्यावर बरे झाले. लस घेतली म्हणून रस्त्यावरचे सरबत चालेल असा त्यांनी सोयीस्कर अर्थ काढला होता.

कावीळ 'ए'चा दुसरा डोस मेमध्ये होता. सहल संपली, फोटो पाहून झाले, आणि आम्ही तो चक्क विसरलो. मेहुण्यांच्या त्या मुलानेच फोन करून आठवण केली, "काका, मुलांचा दुसरा डोस झाला का?" दुसऱ्याच दिवशी नेले. ज्यांची मुले आता पहिला घेतील, त्यांनी सहा महिन्यांपुढची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी.

सूचनेप्रमाणे ज्यांनी घरातली लसीकरणाची जुनी कार्डे आणली आहेत, त्यांनी चहानंतर इथेच थांबावे. आमच्याबरोबर आपल्याच संस्थेतल्या दोन परिचारिका भगिनी बसणार आहेत. त्या काय झाले आणि काय राहिले ते पाहून देतील, आणि आम्ही वहीत लिहून घेऊ. ज्यांची कार्डे हरवली आहेत त्यांनी संकोच करू नये. आमचेही हरवले आहे.

जयभीम.